नाईलकाठची रोटी, परदेशचा गहू

इजिप्तच्या सरकारने १ जून २०२४ पासून शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या रोटीची किंमत पाच पिआस्तरवरून वीस पिआस्तर केली. शंभर पिआस्तरांचा एक इजिप्शियन पौंड होतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाढ किरकोळ वाटेल. एक रोटी तयार करण्यास सव्वा पौंडाच्या आसपास खर्च येतो आणि त्याचा फार मोठा भाग यापुढेही सरकारच सोसणार आहे, असा खुलासा त्या वेळी करण्यात आला. तो चुकीचा नव्हता. परंतु तीन दशकांहून अधिक काळ न हललेली किंमत एका दिवसात चौपट झाली, हेही तितकेच खरे होते. माणशी रोज पाच रोट्या या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला पंचवीस रोट्या मिळतात. त्यासाठी महिन्याकाठी साडेसदतीस पौंड पडत, तेथे आता दीडशे पौंड पडू लागले. ज्या घरात आधीच भाड्याचा, औषधाचा आणि मुलांच्या शिक्षणाचा मेळ बसत नाही, त्या घराला हा फरक किरकोळ नसतो.

इतर अरब देशांत रोटीला ‘खुब्ज’ म्हणतात. इजिप्तच्या बोलीत तिला ‘ऐश’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘जगणे’ असा आहे. सुमारे सात कोटी लोक सवलतीच्या या रोटीचे लाभार्थी आहेत. म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात दर तिघांपैकी जवळजवळ दोघांचे रोजचे अन्न सरकारी भट्टीच्या हिशेबाशी बांधलेले आहे. ज्या गव्हाची ही रोटी होते, त्यातील निम्म्याहून अधिक गहू समुद्रापलीकडून येतो. तेव्हा कैरोतील गृहिणीच्या टोपलीत रोज किती रोट्या पडतात, हा प्रश्न केवळ इजिप्तच्या अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकाचा राहत नाही. काळ्या समुद्रातील बंदरे, वॉशिंग्टनमधील वित्तसंस्था, आखातातील अमिराती, इथिओपियाचे धरण आणि भारताचे निर्यात धोरण या साऱ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. अन्नसुरक्षेतील आंतरराष्ट्रीय सहकार्य या शब्दांचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे पाहण्यास इजिप्तइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

पाण्याचा हिशेब

इजिप्तचे क्षेत्रफळ सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भूमी वाळवंट आहे. कैरो शहरात वर्षभरात जेमतेम एक इंच पाऊस पडतो. शेती, वस्ती आणि कारखाने हे सारे नाईलच्या काठच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि तिच्या मुखाजवळील त्रिभुज प्रदेशात दाटलेले आहेत. सुदानबरोबर १९५९ साली झालेल्या करारानुसार इजिप्तच्या वाट्याला नाईलचे वर्षाला ५,५५० कोटी घनमीटर पाणी येते. त्या वेळी देशाची लोकसंख्या तीन कोटींच्याही आत होती. पाण्याचा आकडा तोच राहिला आणि माणसे मात्र चौपटीच्या आसपास वाढली. माणशी वर्षाला एक हजार घनमीटर पाणी उपलब्ध नसेल तर तो देश पाणीटंचाईचा समजावा, असा संकेत आहे. इजिप्त त्या रेषेच्या बराच खाली, सहाशे घनमीटरच्याही आत गेलेला आहे.

या पार्श्वभूमीवर इजिप्त गहू आयात करतो तेव्हा तो वस्तुतः पाणीच आयात करीत असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी मध्यपूर्वेतील देशांचा अभ्यास करताना धान्यात दडलेल्या या पाण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी त्यांना २००८ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. एक टन गहू पिकवण्यास ढोबळमानाने एक हजार घनमीटर पाणी लागते. इजिप्तची वार्षिक आयात १ कोटी २० लाख टनांच्या आसपास असते. एवढा गहू घरीच पिकवावयाचा तर १,२०० कोटी घनमीटर पाणी लागेल, म्हणजे नाईलच्या वाट्याचा पाचवा हिस्सा. ते पाणी आज अस्तित्वात नाही. सुमारे नव्वद लाख टन गहू देशात पिकतो, तोही भात, ऊस, चारा आणि फळबागा यांच्याशी स्पर्धा करीत. सारांश, आयात हा इजिप्तच्या राज्यकर्त्यांचा आळस नसून भूगोलाने लादलेली परिस्थिती आहे. शहाणपणाचा प्रश्न एवढाच उरतो की, ही आयात कोणाकडून, कोणत्या अटींवर आणि किती भरवशाची असावी.

धान्य आणि दोरी

एकेकाळी रोमन साम्राज्याचे धान्यकोठार असलेला हा देश विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयातदार झाला. त्या आयातीची राजकीय किंमत त्याला लवकरच कळून आली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० या कायद्याखाली इजिप्तला स्थानिक चलनात गहू मिळत असे. नासर यांचे परराष्ट्र धोरण वॉशिंग्टनला खुपू लागले तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रशासनाने धान्याच्या करारांची मुदत आखूड करण्यास आरंभ केला. १९६७ च्या युद्धानंतर तर दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधच तुटले. ते १९७४ साली पुन्हा जुळले, सादात यांनी इस्रायलशी समझोत्याचा मार्ग धरला आणि अमेरिकन गव्हाचा ओघ पुन्हा सुरू झाला. गहू तोच होता, इजिप्शियन माणसाची भूकही तीच होती. बदलले होते ते केवळ राजकारण.

हा अनुभव भारताला अपरिचित नाही. १९६६ साली भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले आणि त्याच जॉन्सन यांनी प्रत्येक जहाजागणिक भारताला ताटकळत ठेवले. व्हिएतनामविषयी भारत काय बोलतो आणि शेतीविषयक धोरण कसे बदलतो, याकडे डोळा ठेवून गव्हाची दोरी सैल वा घट्ट केली जात होती. रेशनच्या दुकानातून मिळणारी लाल ‘मिलो’ ज्वारी महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणातून अद्याप गेलेली नाही. पुढे नव्या बियाण्यांच्या, खतांच्या आणि कालव्यांच्या बळावर भारत त्या दोरीतून सुटला. इजिप्तपाशी तसे सुटण्याइतकी जमीन आणि तेवढे पाणी नव्हते. दोन्ही देशांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या. हा फरक नीट समजला नाही तर इजिप्तला स्वावलंबनाचा उपदेश करण्याचा मोह होतो.

असा उपदेश कोठे नेतो, याचे उत्तर शेजारच्या सौदी अरेबियाने देऊन ठेवले आहे. तेलाच्या पैशातून जागतिक बाजारभावाच्या कित्येक पट हमीभाव देऊन त्या देशाने १९८० च्या दशकात वाळवंटात गहू पिकवला, स्वयंपूर्णता साधली आणि चक्क निर्यातही केली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील उत्पादन चाळीस लाख टनांपर्यंत पोहोचले होते. त्यासाठी वापरलेले पाणी हजारो वर्षांपूर्वी भूगर्भात साठलेले होते आणि ते पुन्हा भरून येणारे नव्हते. शेवटी २००८ साली सरकारला ही गव्हाची शेती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला आणि २०१६ पर्यंत स्थानिक खरेदी थांबली. पुढे मर्यादित प्रमाणात तिला पुन्हा परवानगी मिळाली. परंतु उपसलेले पाणी काही परत आले नाही. इजिप्तमध्येही मुबारक यांनी १९९७ साली तोश्काचे वाळवंट हिरवे करण्याची योजना सुरू केली. ती बरीच वर्षे रखडली आणि अलीकडच्या काळात अध्यक्ष सीसी यांनी तिला नव्याने चालना दिली. शेतीतून वाहून जाणारे पाणी शुद्ध करून नव्या जमिनी भिजविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांचे मोल आहे. मात्र त्यांनी आयातीची गरज थोडीफार घटेल, संपणार नाही.

रोटीचे राजकारण

अनुदान हाच या व्यवस्थेचा दुखरा भाग आहे, असे अर्थशास्त्रज्ञ वारंवार सांगतात. रोटी स्वस्त म्हणून ती वाया जाते, जनावरांनाही घातली जाते, सवलतीचे पीठ काळ्या बाजारात जाते, असे आक्षेप आहेत आणि ते निराधार नाहीत. परंतु हे अनुदान तोडण्याचा प्रयत्न कसा अंगावर येतो, याचा धडा १९७७ साली मिळाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी वाटाघाटी चालू असताना सादात सरकारने १७ जानेवारी रोजी अनेक जीवनावश्यक वस्तूंवरील अनुदान कमी केल्याचे जाहीर केले. पुढील दोन दिवस अलेक्झांड्रियापासून आस्वानपर्यंत लोक रस्त्यावर उतरले. सैन्य बोलवावे लागले, सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि वाढ मागे घ्यावी लागली. तेव्हापासून कोणत्याही राज्यकर्त्याने रोटीच्या किमतीला उघडपणे हात लावण्याचे धाडस सहसा केले नाही. वजन मात्र कमी होत गेले. २०२० साली ते ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आले. किंमत तीच ठेवून वजन घटविणे हीसुद्धा भाववाढच असते, फक्त ती कागदावर दिसत नाही.

२०११ साली कैरोच्या तहरीर चौकात ज्या घोषणा घुमल्या, त्यांत स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय यांच्या आधी ‘ऐश’ होती. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये दुष्काळ आणि वणव्यांमुळे रशियाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली होती आणि जागतिक भाव चढत गेले होते. मुबारक यांची राजवट केवळ गव्हाच्या भावामुळे कोसळली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दडपशाही, बेकारी आणि भ्रष्टाचार यांनी सरपण आधीच रचले होते. तथापि सैबेरिया आणि व्होल्गाच्या काठी पाऊस पडला नाही, तर नाईलच्या काठी राज्यकर्त्यांची झोप उडते, एवढे त्या वर्षाने निश्चितपणे दाखवून दिले.

मदतीचे स्वरूप

खरी कसोटी २०२२ साली लागली. इजिप्तच्या आयात गव्हापैकी सुमारे ८० टक्के गहू रशिया व युक्रेन या दोनच देशांतून येत असे. स्वस्त आणि जवळचा म्हणून हा मार्ग निवडला गेला होता. व्यापारी दृष्टीने निवड बरोबर होती आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती घातक ठरली. २४ फेब्रुवारी रोजी युद्ध सुरू झाले, त्याच दिवशीची इजिप्तची सरकारी खरेदीची निविदा पुरेसे देकार न आल्यामुळे रद्द करावी लागली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत भाव टनाला चारशे डॉलरच्या वर गेले. त्यातच परकी भांडवल देशाबाहेर पळाले आणि पौंड घसरू लागला. २०२२ च्या आरंभी एका डॉलरला सोळा पौंडांच्या आत मिळणारा दर मार्च २०२४ मध्ये पन्नासच्या आसपास गेला. म्हणजे जागतिक भाव पूर्वीच्या पातळीवर उतरले तरी इजिप्तला त्याच गव्हासाठी तिप्पट पौंड मोजावे लागत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये महागाईचा दर ३८ टक्क्यांवर पोहोचला. तेथे गव्हाचा तुटवडा होण्याआधी डॉलरचा तुटवडा झाला होता. अन्नसुरक्षेचा विचार करताना नेहमी पिकांचा आणि गोदामांचा विचार होतो, परकी चलनाचा होत नाही. आयातदार देशाच्या बाबतीत तो प्रथम करावयास हवा.

या संकटात जग इजिप्तच्या मदतीला आले नाही, असे नाही. जागतिक बँकेने जून २०२२ मध्ये अन्नसुरक्षेसाठी पन्नास कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. नाणेनिधीने डिसेंबर २०२२ मध्ये तीनशे कोटी डॉलरचा कार्यक्रम दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो आठशे कोटींवर नेला. अबू धाबीने गहू खरेदीसाठी पाच वर्षांत पन्नास कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्यातून गहू घ्यावयाचा तो मात्र अबू धाबीच्याच एका कंपनीकडून. फेब्रुवारी २०२४ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील रास अल-हिक्मा या भागाच्या विकासासाठी त्याच अमिरातीशी साडेतीन हजार कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यामुळेच चलनाचे संकट तात्पुरते टळले. या साऱ्या यादीवरून एक नजर टाकली तरी त्यातील समान सूत्र लक्षात येते. यांतील बहुतेक साहाय्य कर्जाच्या, खरेदीच्या अटीच्या वा जमिनीच्या मोबदल्याच्या स्वरूपात होते. खाल्लेल्या गव्हाचे कर्ज पुढील पिढीने फेडावयाचे, ही व्यवस्था संकट पुढे ढकलते, दूर करीत नाही. नाणेनिधीचा कार्यक्रम वाढला तो मार्चमध्ये आणि रोटीची किंमत चौपट झाली ती जूनमध्ये. सरकारी खर्चाला आवर घालण्याचा दबाव शेवटी कोणाच्या ताटापर्यंत पोहोचला, हे सांगण्यास यापेक्षा अधिक पुरावा नको.

या काळात खऱ्या अर्थाने सहकार्य म्हणावे असे एक काम झाले. संयुक्त राष्ट्रसंघ आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूल येथे काळ्या समुद्रातील धान्य वाहतुकीचा समझोता झाला. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांनी धान्याच्या जहाजांना वाट देण्याचे मान्य केले. वर्षभरात सुमारे तीन कोटी तीस लाख टन धान्य त्या वाटेने बाहेर पडले आणि जागतिक भाव उतरण्यास मदत झाली. १७ जुलै २०२३ रोजी रशियाने त्यातून अंग काढून घेतले. समझोता टिकला नाही याचे दुःख आहेच. परंतु तो वर्षभर चालला, याचाही अर्थ लावला पाहिजे. धान्याच्या वाटा युद्धापासून अलग ठेवणे अशक्य नाही, मात्र ते युद्धमान राष्ट्रांच्या मर्जीवर सोडता येत नाही, असा तो अर्थ आहे. पुढे नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ कालव्याचे उत्पन्न २०२३ साली हजार कोटी डॉलरच्या वर होते, ते २०२४ साली निम्म्याच्याही खाली आले. गव्हासाठी लागणारे डॉलर मिळविण्याचा इजिप्तचा एक मोठा मार्ग असा परक्यांच्या संघर्षात आकसला.

अर्धवट राहिलेले संकल्प

अशा देशांसाठी कायमची व्यवस्था असावी, हा विचार नवा नाही. १९७२-७३ च्या धान्यटंचाईनंतर नोव्हेंबर १९७४ मध्ये रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली. धान्याचे आंतरराष्ट्रीय साठे उभारावेत, भाववाढीच्या वर्षी ते खुले करावेत, अशी कल्पना तेथे पुढे आली. परिषदेतून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा जन्म झाला, हे तिचे स्थायी फळ. साठ्यांबाबतच्या वाटाघाटी मात्र १९७९ साली जिनिव्हात फिसकटल्या. साठा किती असावा, कोणत्या भावाला खुला करावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, यावर निर्यातदार आणि आयातदार देशांचे एकमत झाले नाही. १९९४ साली माराकेश येथे व्यापार संघटनेचा करार झाला. मुक्त व्यापारामुळे धान्य महागले तर आयातदार विकसनशील देशांना साहाय्य दिले जाईल, असा ठराव त्या वेळी संमत करण्यात आला. इजिप्त त्या देशांच्या यादीत आहे. ठरावाला तीन दशके उलटली, परंतु त्यातून भरवशाची यंत्रणा काही उभी राहिली नाही. २००७-०८ आणि २०१० च्या भाववाढीनंतर वीस बड्या राष्ट्रांच्या गटाने २०११ साली कृषी बाजारपेठेची माहिती एकत्र करणारी व्यवस्था स्थापन केली. तिच्यामुळे कोणत्या देशात किती पीक आणि किती साठा आहे, हे बरेचसे कळू लागले. माहितीने घबराट कमी होते, हे खरे. पण माहितीची रोटी भाजता येत नाही.

जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांनी जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर निर्यातबंदी लागू करू नये, असे ठरविले. हे पाऊल योग्य असले तरी छोटे आहे. त्याचा लाभ येमेन वा सोमालियासारख्या मदतीवर जगणाऱ्या देशांना होतो. इजिप्तसारखा देश भीक मागत नाही, तो पैसे मोजून गहू घेतो. अशा देशाने करार केलेला गहू पुरवठादाराने ऐन वेळी अडवला, तर दाद मागावयास आजही कोणते न्यायासन नाही.

भारताची बाजू

येथे भारताच्या वर्तनाचाही विचार प्राप्त होतो. काळ्या समुद्रातील पुरवठा तुटल्यावर इजिप्तने एप्रिल २०२२ मध्ये भारताला गव्हाचा पुरवठादार म्हणून मान्यता दिली. जगाची गव्हाची गरज भागविण्याची भाषा दिल्लीत बोलली जात होती. त्याच मार्चमध्ये उष्णतेची लाट आली, उत्तरेकडील पीक घटले, देशांतर्गत भाव वाढू लागले आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. इजिप्तसाठी कांडला बंदरात चढविला जात असलेला ६१,५०० टन गहू नंतर खास बाब म्हणून सोडण्यात आला. अन्य देशांच्या सरकारांनी विनंती केल्यास त्यांच्या अन्नसुरक्षेसाठी निर्यातीला परवानगी देण्याची तरतूदही आदेशात ठेवण्यात आली होती.

आपल्या लोकांच्या अन्नाची चिंता प्रथम करणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्य आहे आणि ऐंशी कोटी लोकांना शिधावाटप करणाऱ्या सरकारला तर त्यात हयगय करता येत नाही. आक्षेप घ्यावयाचा तो बंदीच्या हेतूवर नव्हे, तिच्या पद्धतीवर. महिन्यापूर्वी दिलेला शब्द रातोरात फिरला की परदेशातील ग्राहक पुढच्या वेळी दुसरे दार ठोठावतो. कांद्याच्या बाबतीत हे पुनःपुन्हा घडले आहे. निर्यातबंदी जाहीर होते, नाशिकच्या बाजार समित्यांत भाव कोसळतात, आणि ढाका, कोलंबो वा दुबईतील व्यापारी अन्य देशांकडे वळतात. शेतकऱ्याचे आणि परदेशी ग्राहकाचे नुकसान एकाच आदेशाने होते. जो देश आजच्या घडीला धान्याचा दाता म्हणवून घेऊ इच्छितो, त्याने दुष्काळाच्या वर्षीही पाळता येईल एवढेच आश्वासन द्यावे. पण दिलेले आश्वासन पाळावे. ठरावीक मित्रदेशांशी, ठरावीक प्रमाणात, सरकारी पातळीवर काही वर्षांचे करार करणे भारताला अशक्य नाही. साठ वर्षांपूर्वी स्वतः दोरीचा जाच सोसलेल्या देशाने दुसऱ्याच्या हाती दोरी न देता करार द्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

घरातील दुरुस्ती

याचा अर्थ सारा दोष बाहेरच्यांचाच आहे, असा नव्हे. इजिप्तमध्ये वर्षानुवर्षे गहू उघड्या आवारात साठविला जाई आणि ऊन, पक्षी, उंदीर यांच्या तोंडी जाई. संयुक्त अरब अमिरातीच्या साहाय्याने पंचवीस आधुनिक धान्यकोठारे बांधली गेली. ही मदत खऱ्या अर्थाने उपयोगाची, कारण ती एकदाच द्यावी लागते आणि दरवर्षी धान्य वाचविते. २०१६ साली स्थानिक गहू खरेदीच्या नोंदींत मोठा घोटाळा असल्याचे संसदीय चौकशीत आढळले. प्रत्यक्षात नसलेला गहू कागदावर दाखवून सरकारी पैसा उचलला गेला होता. पुरवठामंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारी खरेदी संस्थेने ३८ लाख टनांची प्रचंड निविदा काढली, परंतु तिच्या दशांशाइतकाही गहू पदरात पडला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आयातीचे काम या जुन्या संस्थेकडून काढून हवाई दलाशी संलग्न असलेल्या ‘मुस्तक्बल मिस्र’ या यंत्रणेकडे देण्यात आले. खुल्या निविदांच्या जागी थेट वाटाघाटी आल्या. त्यामुळे खरेदी कदाचित स्वस्त होईल. पण कोणता गहू, कोणाकडून, काय भावाने घेतला, हे जनतेला कळण्याचा मार्ग अरुंद झाला. रोटीची किंमत वाढवताना जनतेला हिशेब सांगितला जातो, तर गव्हाच्या खरेदीचाही हिशेब तिला मिळावयास हवा.

शेतीच्या क्षेत्रात सहकार्याचे एक शांत उदाहरण येथे नमूद करण्याजोगे आहे. शुष्क प्रदेशांतील शेतीसंशोधनासाठी १९७७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने इजिप्शियन संशोधकांसह त्रिभुज प्रदेशातील शर्किया प्रांतात उंच वरंब्यांवर गहू पेरण्याची पद्धत रुजविली. तिने सुमारे चतुर्थांश पाणी वाचते आणि उत्पादनही वाढते, असे आढळून आले. या संस्थेचे मुख्यालय पूर्वी सीरियात अलेप्पोजवळ होते. यादवी युद्धामुळे तिला ते सोडावे लागले. परंतु तिने आपल्या बियाण्यांच्या प्रती नॉर्वेतील स्वालबार्डच्या हिमभांडारात ठेवल्या होत्या. त्या भांडारातून बियाणे परत काढण्याची वेळ जगात प्रथम या संस्थेवर २०१५ साली आली, आणि ते मोरोक्को व लेबनॉनमध्ये पुन्हा पेरले गेले. बियाण्यांच्या बाबतीत जे जगाला जमले, ते धान्याच्या बाबतीत न जमण्याचे कारण तांत्रिक नाही.

शेवटी प्रश्न नाईलचाच राहतो. इथिओपियाने निळ्या नाईलवर २०११ साली सुरू केलेल्या महाधरणाचे उद्घाटन ९ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. पाणी अडविण्यास तर २०२० सालीच प्रारंभ झाला होता. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतरही दुष्काळाच्या काळात किती पाणी सोडावे, याविषयी तिन्ही देशांना बांधून घेणारा करार झालेला नाही. इथिओपियातील कोट्यवधी घरांत वीज नाही, त्यामुळे त्या देशाचा हक्क नाकारता येत नाही. इजिप्तच्या शेतीला दुसरा आधार नाही, त्यामुळे त्याची भीतीही खोटी ठरविता येत नाही. १९५९ च्या करारात इथिओपियाला विचारलेच गेले नव्हते, हे इजिप्तने मान्य करावे आणि सलग दुष्काळाच्या वर्षांसाठी इथिओपियाने लेखी हमी द्यावी, यातच मार्ग आहे. गव्हाच्या हजार जहाजांपेक्षा असा एक करार इजिप्तला अधिक निर्धास्त करील.

अन्नसुरक्षेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. प्रत्येक देशाने आपले अन्न आपणच पिकवावे, हे एक. बाजारपेठ खुली ठेवली की पैसे देणाऱ्याला धान्य मिळतेच, हे दुसरे. पहिल्या मताचा फोलपणा सौदी अरेबियाच्या आटलेल्या विहिरी सांगतात, आणि दुसऱ्याचा २०२२ सालच्या रद्द झालेल्या निविदा. या दोहोंच्या मधला मार्ग कष्टाचा आहे. निर्यातदारांनी बंदी घालण्यापूर्वी पुरेशी सूचना द्यावी आणि झालेले करार वगळावेत. आयातदार देशांनी अनेक ठिकाणांहून खरेदी करावी आणि किमान सहा महिन्यांचा साठा ठेवावा. तो ठेवण्याचा खर्च एकट्या गरीब देशावर न टाकता जागतिक वित्तसंस्थांनी अल्प व्याजाने उचलावा. भाव भडकले तर अन्नधान्याच्या आयातीसाठी अटींविना परकी चलन मिळण्याची सोय असावी. यांतील एकही गोष्ट नवी नाही. १९७४ पासून त्या परिषदांच्या ठरावांत लिहिल्या जात आहेत. त्या अमलात येईपर्यंत प्रत्येक नव्या संकटाचा भार कैरोतील त्या पाच माणसांच्या कुटुंबावर पडत राहील, आणि त्या कुटुंबाची गणना कोणत्याही परिषदेच्या उपस्थितांत होत नाही.